वॉटसन हॉटेल: पाहुण्यांची कीर्ती आणि सांगाड्याचे मोल

प्रस्तावना

शहराच्या मध्यवस्तीतील जुने हॉटेल हा वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने अवघड विषय आहे. मंदिर, किल्ला किंवा न्यायालय यांचा मूळ वापर बहुधा टिकून राहतो. निदान लोकांच्या लक्षात तरी राहतो. हॉटेल हा मात्र धंदा असतो. धंदा बसला की खोल्या भाड्याने जातात, पाटी बदलते, आणि मागे गोष्टी उरतात: अमुक लेखक इथे उतरला होता, तमुक उद्योगपतीला इथून परत पाठवले होते. या गोष्टी ऐकायला गोड असतात. पण त्या ऐकताना इमारतीकडे पाहायचे राहून जाते.

प्रस्तुत पाठात आपण मुंबईच्या काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, या इमारतीचा विचार करणार आहोत. भारतात आज उभी असलेली ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची, ही सर्वांत जुनी इमारत मानली जाते. तिच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे, पण त्यातील मोठा भाग पाहुण्यांविषयी आहे. या पाठाचे प्रतिपादन असे की, या वास्तूचे खरे मोल तिच्या सांगाड्यात आहे. हा सांगाडा समजून घेतला तरच तिचा उत्कर्ष, तिची दुर्दशा आणि तिच्या भवितव्याविषयीचा आजचा वाद या तिन्हींचा उलगडा होतो.

जागा आणि काळ

अठराशे साठच्या दशकापर्यंत मुंबईचा कोट तटबंदीच्या आत होता. तटाबाहेरचे मोकळे मैदान म्हणजे एस्प्लनेड. तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून ते लष्कराने मोकळे ठेवले होते. सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेचे भूखंड विक्रीला निघाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. त्याची जागा इथल्या कापसाने घेतली आणि मुंबईत अचानक पैसा आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या. तरी नव्या शहराची आखणी थांबली नाही.

जॉन वॉटसन हा मुंबईतील कापडाचा इंग्रज व्यापारी. याच नव्या पट्ट्यातील भूखंडावर १८६७ मध्ये त्याच्या इमारतीचे काम सुरू झाले. पुढील काही दशकांत आजूबाजूला डेव्हिड ससून ग्रंथालय, सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय अशा वास्तू उभ्या राहिल्या. या सर्व इमारती दगडी आहेत: कमानी, नक्षी, गॉथिक शिखरे. त्यांच्या मधोमध एक इमारत तेवढी लोखंडाची आहे. म्हणून तिच्याविषयीचा पहिला समीक्षात्मक प्रश्न असा: सारे शहर दगडात बोलत असताना ही एकच इमारत लोखंडात का बोलली?

सांगाडा: भिंतीची सुटका

या इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्य अभियंत्याचा. लंडनमधील १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा सहभाग होता. पुढे सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाच्या विशाल लोखंडी छताशीही त्याचे नाव जोडले गेले. म्हणजे हा मनुष्य मुळात पूल, छपरे आणि प्रदर्शनाचे मंडप उभारणारा होता. राहण्याच्या इमारतीकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार करून घेतल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि जागेवर एकमेकींना जोडल्या.

याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याकडच्या नेहमीच्या बांधकामाशी तुलना करू. वाड्यात किंवा दगडी इमारतीत भिंत दोन कामे करते: आडोसा देते आणि वरचे वजन पेलते. मजले वाढले की खालची भिंत जाड करावी लागते, आणि जाड भिंतीत मोठी खिडकी ठेवता येत नाही. आपल्या वाड्यांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असतो हे खरे, पण बाहेरच्या जाड भिंतींचा आधार तिथेही बहुधा सुटत नाही. वॉटसनच्या इमारतीत ही दोन कामे वेगळी केलेली आहेत. वजन लोखंडी सांगाडा पेलतो. खांबांमधील विटांचा भराव केवळ आडोशाचे काम करतो. त्यामुळे पाच मजल्यांची इमारत असूनही दर्शनी बाजू दारे-खिडक्यांनी मोकळी ठेवता आली.

बांधकामाच्या इतिहासाचे अभ्यासक जोनाथन क्लार्क यांनी २००२ मध्ये या इमारतीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला आणि बहुमजली सांगाड्याच्या इमारतींच्या जागतिक इतिहासात तिला स्थान मिळवून दिले. पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा शिकागोच्या १८८५ मधील होम इन्शुरन्स बिल्डिंगपासून सुरू होतो. मुंबईची इमारत त्याआधीची आहे. मात्र ‘जगातील पहिली’ अशी पदवी देण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. इंग्लंडमधील शीअरनेस येथील नौदलाची बोटींची वखार (१८५८ ते १८६०) हीदेखील बहुमजली लोखंडी सांगाड्याची इमारत आहे, आणि ती वॉटसनच्याही आधीची आहे. फ्रान्समध्ये न्वाझिएल येथे मनिए कंपनीची चॉकलेटची गिरणी १८७२ मध्ये याच तत्त्वावर उभी राहिली. या दोन्हींत आणि वॉटसनमध्ये फरक आहे तो वापराचा. वखार आणि गिरणी यांत माल व यंत्रे राहतात. वॉटसनने याच पद्धतीत माणसांना राहायला बोलावले, तेही शहराच्या सर्वांत प्रतिष्ठित रस्त्यावर. ‘पहिली कोण’ या वादापेक्षा कारखान्याचे तंत्र निवासात आणण्याचे हे धाडस समीक्षेला अधिक मोलाचे वाटले पाहिजे.

सज्जे, मधला चौक आणि हवामान

हॉटेलात सुमारे १३० खोल्या होत्या. तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यगृह होते. मधोमध सुमारे ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असा चौक होता व त्यावर काचेचे छत होते. तिथे नृत्याचे कार्यक्रम होत. बाहेरच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर लांबच लांब मोकळे सज्जे होते आणि खोल्या त्यांवर उघडत. सांगाडा विलायतेतून आला तरी सज्जा, मधला चौक आणि आरपार वारा ही मांडणी उष्ण प्रदेशाची आहे. क्रिस्टल पॅलेसची काच जशीच्या तशी मुंबईत आणली असती तर आत भट्टी झाली असती. इथे काच डोक्यावर, चौकापुरती ठेवली आणि कडेला सावली दिली. लोखंडी सांगाड्याने भिंत मोकळी केली नसती तर एवढे वारे आत आले नसते. हे या आराखड्याचे यश आहे.

त्याचे अपयशही नोंदवले पाहिजे. सज्जे पावसाच्या थेट माऱ्यात आहेत आणि ते लोखंडाचे आहेत. मुंबईचा पाऊस चार महिने पडतो, हवा खारी असते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. तो सांध्यात फुगतो, बोल्ट ताणतो, शेजारचा विटांचा भराव तडकवतो. त्यातच बिडाचा एक स्वभाव आहे: ते दाब चांगला सोसते, पण ताणाला कच्चे असते, आणि मोडताना आधी वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. अशा इमारतीला रंगरंगोटी ही सजावट नसते, ते औषध असते. दरवर्षी नेमाने गंज खरवडून रंग देणारा मालक असेल तोवर ती टिकते. म्हणजे आराखड्यातच देखभालीची एक अट दडलेली होती. ती अट पाळणारा धंदा बंद पडल्यावर काय होईल, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

सज्ज्याचा सामाजिक अर्थही पाहू. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये इथे उतरला होता. सज्ज्यावर येऊन बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांचे त्याने केलेले गमतीदार वर्णन नेहमी सांगितले जाते. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच प्रवासवर्णनात दुसराही प्रसंग आहे, तो क्वचितच सांगितला जातो. सज्ज्याकडे उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी एक भारतीय नोकर गुडघे टेकून काम करत होता. काही चुकले म्हणून एका धिप्पाड जर्मन माणसाने कारण न सांगता त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. नोकराने तो निमूटपणे सोसला. ते पाहून ट्वेनला स्वतःच्या बालपणातील अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरी आठवली. कावळे लक्षात ठेवून नोकर विसरणे ही आपल्या वारसा-लेखनाची नेहमीची सवय आहे. ज्या सज्ज्यावर पाहुणा वारा घेत असे, त्याच सज्ज्याच्या दाराशी दुसरा कोणी गुडघ्यावर होता. वास्तूचे वर्णन करताना दोघांचीही नोंद व्हायला हवी.

आख्यायिकांची छाननी

वॉटसनविषयी सर्वांत लोकप्रिय कथा जमशेटजी टाटांची आहे. भारतीय म्हणून त्यांना इथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल जन्मले, असे सांगतात. अनेक अभ्यासकांनी या कथेविषयी शंका व्यक्त केली आहे. मुंबईला तिच्या दर्जाचे हॉटेल असावे ही टाटांची इच्छा समजण्यासाठी अपमानाची गरज नाही. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाला ती सहज सुचण्यासारखी आहे.

दुसरी कथा तरुण बॅरिस्टर जिनांची: ते इथे पैजा लावून बिलियर्ड्स खेळत, असे सांगतात. आता या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. हॉटेल काटेकोरपणे फक्त युरोपियनांसाठी होते असे म्हणायचे, आणि त्याच श्वासात एक भारतीय बॅरिस्टर तिथे नियमित खेळायचा असेही म्हणायचे, हे एकमेकांशी बसत नाही. त्या काळच्या वसाहती शहरात वर्णभेद होता यात शंका नाही. ट्वेनचा प्रसंग त्याचा धडधडीत पुरावा आहे. पण भेदभाव सिद्ध करण्यासाठी कच्ची कथा वापरली तर पक्का पुरावाही संशयास्पद ठरतो. म्हणून आख्यायिका सांगताना ‘असे सांगतात’ हे दोन शब्द गाळू नयेत.

तिसरी गोष्ट मात्र ठाम इतिहास आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. त्यांचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने तो सादर केला आणि तिकीट एक रुपया होते. ही घटना मोठी आहे. तरीही ती इमारतीत घडली म्हणून इमारत मोठी, असा निष्कर्ष काढणे पुरेसे नाही. खेळ दुसऱ्या सभागृहातही झाला असता. काही दिवसांत तो नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेलाही. सांगाडा मात्र दुसरीकडे नेता येत नाही.

ताजशी तुलना

ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा प्रमुख वाटा होता. त्यांच्या निधनानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. ताजने प्रतिष्ठेसाठी दगडी रूप, कोपऱ्यांवरचे घुमट आणि मधला भव्य घुमट निवडला. वॉटसनने आपला सांगाडा उघडा ठेवला. ताजने शहराच्या रूढ भाषेत, पण अधिक थाटात बोलणे पसंत केले. पाहुणे ताजकडे गेले. यातून आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. लोखंड लवकर उभे राहत होते, मोकळे आणि हवेशीर होते. पण त्या काळच्या नजरेला ते वखारीसारखे दिसत होते. जी वास्तू काळाच्या पुढे असते तिला त्या काळातले गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

हॉटेलपासून गाळ्यांपर्यंत

विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले आणि इमारत एस्प्लनेड मॅन्शन झाली. खोल्यांत भाडेकरू आले, राहणारी कुटुंबे आली, दुकाने आली. शेजारीच न्यायालय असल्याने वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. मोठ्या खोल्यांत पार्टिशने पडली, पोटमाळे निघाले, सज्जे बंदिस्त करून खोलीत घेतले गेले. काचेखालचा चौक कोंदट झाला.

हे घडले कसे, याचे उत्तर पुन्हा सांगाड्याकडे जाते. वजन पेलणारी भिंत कोणी सहज फोडत नाही. जिथे भिंतीवर काहीच भार नाही तिथे ती हवी तशी हलवता येते. वॉटसनची मुक्त भिंत हीच तिच्या चिरफाडीची सोय ठरली. त्याच सोयीमुळे हॉटेलचा धंदा बुडाल्यावरही इमारत रिकामी पडली नाही. लोकांच्या पोटापाण्याला लागली आणि म्हणून शतकभर तगलीही. एकच गुण तारक आणि मारक दोन्ही ठरला. या वास्तूविषयी सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दुसरे कारण कायद्याचे आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. पण गोठलेल्या भाड्यात बिडाच्या इमारतीला दरवर्षी लागणारे औषधपाणी बसेना. मालक खर्च करीना, भाडेकरूला दुरुस्तीचा अधिकार नाही, आणि गंज कोणासाठी थांबत नाही. २००५ मध्ये सज्ज्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील शंभर वास्तूंच्या यादीत या इमारतीचे नाव घातले.

पाडायची की जपायची?

मुंबईच्या वारसा यादीत ही इमारत ‘दोन-अ’ श्रेणीत आहे. तरीही २०१९ मध्ये ती पाडण्याची वेळ आली होती. म्हाडाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आयआयटी मुंबईच्या अभियंत्यांचा अहवाल ठेवला; त्याचा कल इमारत पाडण्याकडे होता. वारसा-संवर्धकांनी त्याला विरोध केला, दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. दरम्यान रहिवासी आणि कचेऱ्या यांना जागा सोडावी लागली.

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा. खालून रोज हजारो माणसे जातात. वारशासाठी कोणाचा जीव धोक्यात घालता येत नाही. पण ‘धोकादायक’ हा शब्द संपूर्ण इमारतीला एकदम लावणे सांगाड्याच्या वास्तूबाबत घाईचे ठरते. गंजलेला सज्जा, फुगलेला भराव, नंतर चढवलेले पोटमाळे आणि मूळ खांब-तुळया यांची अवस्था एकसारखी नसते. सुट्या भागांनी जोडलेल्या इमारतीची तपासणीही भागाभागाने करता येते. वरचे अनाहूत वजन उतरवायचे, बिघडलेले भाग बदलायचे, चांगले ठेवायचे: हा मार्ग दगडी इमारतीपेक्षा इथे अधिक शक्य आहे.

याच्या उलट एक तिसरा मार्ग नेहमी सुचवला जातो: दर्शनी बाजू ठेवा, आत नवे बांधा. दगडी गॉथिक इमारतीत हा निदान अर्धवट बचाव ठरतो. वॉटसनच्या बाबतीत तो मुळीच ठरत नाही. इथे मोल दर्शनी चेहऱ्यात नसून खांबापासून खांबापर्यंतच्या जोडणीत आहे. सांगाडा काढून सज्जे तेवढे ठेवले तर जे उरेल तो नाटकाचा पडदा असेल. म्हणून संवर्धन करायचे असेल तर ते सांगाड्याचे करावे. भराव, दारे, पार्टिशने गरजेप्रमाणे बदलली तरी चालतील.

आणि माणसांचे काय? रिकाम्या झालेल्या गाळ्यांत ज्यांची उमर गेली, त्यांचा हक्क हा संवर्धनाच्या वाटेतला अडथळा म्हणून मांडला जातो. खरे तर इमारत वापरात राहिली ती त्यांच्यामुळे. दुरुस्तीच्या योजनेत त्यांची जागा आधी ठरली नाही, तर सांगाडा वाचूनही वास्तू पुन्हा मोजक्यांसाठी राखीव होईल. तिच्या पहिल्या काळातला दोष आपण पुन्हा उभा करू.

आपल्या शहरात ही पद्धत कशी वापराल?

हा पाठ वाचणारे सगळे मुंबईत राहत नाहीत. रायपूरचे उदाहरण घेऊ. तिथले महंत घासीदास संग्रहालय १८७५ मध्ये, म्हणजे वॉटसन हॉटेल नवे असतानाच, सुरू झाले. १९५३ मध्ये ते नव्या इमारतीत गेले. जुनी अष्टकोनी वास्तू वेगळ्या वापरात आली. वापर बदलला तरी वास्तू टिकते, पण कोणती टिकते आणि किती टिकते, हा प्रश्न तिथेही विचारता येतो. गोल बाजार, सदर बाजार, मालवीय रोड, जयस्तंभ चौक या भागांत फिरताना एखादी जुनी धर्मशाळा, लॉज किंवा पेढी निवडा. वजन भिंत पेलते की खांब, हे आधी पाहा. भिंतीची जाडी दारापाशी मोजा. कोणती पार्टिशने नंतरची आहेत ते ओळखा. मग नझूल आणि नगरपालिकेच्या नोंदींतून मालकी व वापर कसा बदलला ते शोधा. तिथे कोण मोठा माणूस उतरला होता हे शेवटी विचारा, आणि सांगणाऱ्याला पुरावाही विचारा.

समारोप

वॉटसन हॉटेलची कीर्ती पाहुण्यांनी वाढवली, पण तिचे भाग्य सांगाड्याने ठरवले. त्याने भिंत मोकळी केली, वारा आत घेतला, चिरफाडीला वाव दिला, आणि दुरुस्तीची शक्यताही शिल्लक ठेवली. वास्तूविषयी निर्णय घेताना अभियंता ताकद मोजतो, कायदा हक्क मोजतो. समीक्षकाचे काम आहे ते कशाला मोल द्यायचे हे स्पष्ट सांगण्याचे. ते वेळेवर सांगितले नाही, तर इमारत पडते आणि गोष्टी तेवढ्या उरतात.

विचारासाठी प्रश्न

१. वजन पेलणारी भिंत आणि भरावाची भिंत यांतील फरक आपल्या परिसरातील दोन इमारतींच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘वॉटसन हॉटेलचा गुण हाच तिचा दोष ठरला’ या विधानाची चर्चा करा.
३. दर्शनी बाजू राखून आत नवे बांधणे हे संवर्धन मानावे का? दगडी आणि लोखंडी इमारतींसाठी तुमचे उत्तर वेगळे असेल का?
४. जुन्या इमारतीच्या संवर्धनात भाडेकरूंचे स्थान कोणते असावे, याविषयी आपले मत कारणांसह मांडा.